मारलं की ढकललं

“‘मारलं’ नको लिहूस. ‘ढकललं’ लिही,” आई मुलीच्या कानाशी पुटपुटली.

मुलीचं पेन थांबलं. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी घेण्याची ती खोली एवढीशी होती. एक टेबल, तीन खुर्च्या, फायलींनी वाकलेलं कपाट. समोरच्या अधिकारी बाई चष्मा पुसत होत्या, पण कान इकडेच होते.

चार दिवसांपूर्वी धावण्याच्या सरावाहून परतताना एका शिपायाने तिला अडवलं होतं. कुणाचा तरी फोन चोरीला गेला होता. त्याने तिची बॅग रस्त्यावर उपडी केली, हात पिरगळला. “हा माझाच फोन आहे,” म्हणाली म्हणून चार माणसांत तिच्या दोन थोबाडीत दिल्या. खरा चोर तासाभरात सापडला. “चुकलं” म्हणायला मात्र तिच्याकडे कुणी आलं नाही.

तेव्हापासून आईचं एकच पालुपद. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. शिलाई मशीनवरून मान वर न करता ती म्हणायची, “विसरून जा.” आई इतकी भित्री कशी, याची मुलीला लाज वाटायची. आज ती एकटीच निघाली, तेव्हा गळ्यातली मापाची टेपसुद्धा न काढता आई मागोमाग धावत आली होती.

“वय?” बाईंनी विचारलं.

“सोळा.”

“म्हणजे माझी सही लागेल,” आई घाईने म्हणाली. “मी नाही देणार.”

“लागत नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तिची तक्रार ती करू शकते. सोबत विश्वासाचं माणूस असलं की झालं. आणि शब्द तिचेच राहू द्या.”

मुलीने ठसठशीत अक्षरात ‘मारलं’ लिहिलं. सही करून कागद पुढे सरकवला. आता आठवडाभर घरात अबोला, हे ती धरूनच चालली होती.

बाईंनी तक्रार वाचून दाखवली. “...दोनदा तोंडावर मारलं. लोक नुसते बघत होते.”

वाचून संपलं. मुलगी उठली, पण आई जागची हलेना. तिने मुलीच्या हातातलं पेन काढून घेतलं. आता ही खाडाखोड करणार, असं मुलीला वाटलं.

“बाई, अजून एक कोरा फॉर्म द्याल?” आई म्हणाली. “पंचवीस वर्षं झाली त्याला. मी तेव्हा हिच्याएवढीच होते.”