राक्षसाची बादली

“राक्षसा, आवाज बादलीतून आला पाहिजे. तोंड आत घाल, पार आत!”

नाटकाच्या बाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. पडद्यावर सहा चौकोन होते: राजकन्या, प्रधान, दोन सैनिक, म्हातारी आणि राक्षस. राक्षस म्हणजे गोट्या. त्याचा चौकोन काळाच असायचा. नेट रडतंय, कॅमेरा लावत नाही, असं त्यानं मागेच लिहून कळवलं होतं.

“गावाचा आवाज माझ्या पोटात आहे!” बादली घुमली.

“शाब्बास रे पठ्ठ्या!”

साथ आली आणि शाळेला कुलूप लागलं. गाणं बंद, चित्रकला बंद, खेळ तर बंदच. नाटक तेवढं बाईंनी हट्टानं चालू ठेवलं होतं. पण संस्थेचा नियम होता, सहापेक्षा कमी मुलं झाली की वर्ग बंद. आणि नियमाच्या बाबतीत मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कोणाच्या बापाचं ऐकणाऱ्या नव्हत्या. त्यांना हसताना शाळेत कधी कोणी पाहिलं नव्हतं.

दर शनिवारी त्यांचा फोन यायचा.

“पट किती?”

“सहा, मोठ्या बाई.”

“एक जरी कमी झाला तरी मला वर्ग बंद करावा लागेल. मग माझ्याकडे रडत येऊ नका.” त्यांचा घसा पार बसला होता. दिवसभर मीटिंगा, दुसरं काय!

“कमी कशाला होतोय? अहो, गोट्यासुद्धा टिकलाय.”

“तो? सदा वर्गाबाहेर उभा असायचा, तो?”

“तोच! आधी रोज उशिरा यायचा, एक वाक्य धड पाठ नाही. आता सगळ्यांच्या आधी हजर. हजेरीसुद्धा बादलीतून देतो, लबाड कुठला. फक्त हसण्यात मार खातो.”

“म्हणजे?”

“राक्षसानं कसं, पोटातून हसावं. हा आपला हसायची चोरी असल्यासारखा हसतो.”

पलीकडे कागदावर पेन खरखरलं.

“पोटातून,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी राक्षस असा काही हसला, की भाजी चिरणाऱ्या सासूबाईंच्या हातातली सुरी खाली पडली. “अगं बाई, कोण मेलं हे!” त्या ओरडल्या, ते सगळ्यांना ऐकू गेलं. पोरं हसून हसून लोळली. राजकन्येचे आजोबा दवाखान्यात होते, घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तीसुद्धा त्या दिवशी खळखळून हसली. बाईंचे डोळे भरून आले. वर्ग बंद पडला असता तर ही पोर कुठे हसली असती?

प्रयोगाला घरोघरचे आईबाप, आज्या, काका फोनसमोर जमले. प्रयोग पाहून मोठ्या बाई सांगणार होत्या, पुढच्या सत्रात नाटक ठेवायचं की नाही. पण त्यांचा पत्ताच नव्हता. बाईंनी वाट पाहिली, फोन लावला, तो उचलला गेला नाही.

“पाहायलासुद्धा सवड नाही या बाईला,” त्या फणकारल्या. “जाऊ दे. वाजवा, आई.”

सासूबाईंनी ताटलीवर तिसरी घंटा दिली.

प्रयोग झकास झाला. एक सैनिक मध्येच पाणी प्यायला गेला, तेवढं सोडा. राक्षसानं आज पहिल्यांदा कॅमेरा लावला होता. अंगावर काळी शाल, डोक्यावर थेट हनुवटीपर्यंत बादली, तिच्यावर खडूनं काढलेले डोळे. शेवटी त्यानं गावाचा आवाज परत दिला आणि घराघरातून टाळ्या आल्या.

“आता सगळ्यांनी वाकून नमस्कार करा,” बाई म्हणाल्या. “राक्षसा, बादली काढ बघू. लोकांना तुझं तोंड तरी दिसू दे.”

राक्षस जागचा हलला नाही.

“काढ रे गोट्या, लाजतोस काय!”

बादली हळूहळू वर गेली. आधी वाफ धरलेला चष्मा दिसला, मग विस्कटलेले पांढरे केस.

“गोट्या दुसऱ्याच आठवड्यात आजोळी गेला,” मोठ्या बाई बसक्या आवाजात म्हणाल्या. “पट कमी पडत होता, बाई.”