बर्फावरच्या दोन रेघा

"ही बाई काढून टाक," बार्टल म्हणाला.

चित्रं कोरणाऱ्या योस्टच्या हातात ओला छाप होता, तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून नुकताच उतरवलेला. गोठलेली स्पार्ने नदी, नदीवर अख्खं हार्लेम गाव. मधोमध धान्याचा व्यापारी बार्टल, केसाळ झगा पांघरून घोड्याच्या घसरगाडीत ऐटीत बसलेला. आणि घोड्याच्याही पुढे, पायांत लोखंडी पात्यांचे जोडे घालून निघालेली एक मासळीवाली. ती योस्टची बायको हिले.

घडलं होतं तसंच. आमच्याकडे बर्फावर कुणी कुणाला टोपी काढून मान देत नाही. वर्षातून तेवढी एक चैन आम्ही करतो आणि तिचा आम्हाला गर्व आहे. गेल्या शनिवारी पाठीवरच्या टोपलीसकट हिलेने बार्टलच्या घोड्याला मागे टाकलं आणि ती पुलाखालून पार झाली. काठावर पाद्रीसुद्धा आनंदाने ओरडला.

"बर्फावर असतील सगळे सारखे," बार्टल म्हणाला. "कागदावर नाही."

चित्र त्यानेच सांगून करवून घेतलं होतं, नववर्षाला गावभर वाटायला. योस्टने होकारार्थी मान हलवली.

घरी हे ऐकून हिलेने वाटाण्याच्या सुपाचा वाडगा त्याच्यापुढे आदळला. अख्ख्या जन्मात एकदा चित्रात आले, म्हणाली, तेही घरच्याच माणसाच्या डोळ्यात खुपलं. "घोडा माझ्या मागे राहिला, आणि नवरा घोड्याच्याही मागे."

दुसऱ्या दिवशी योस्टने पत्रा खरवडायला घेतला. आधी टोपली गेली, मग घागरा, मग कंबरेवरचा हात. तांबं घासून गुळगुळीत केलं. नवा छाप बार्टलने निरखून पाहिला, त्यातला स्वतःचा झगा जरा जास्तच निरखला आणि खूश होऊन गेला.

चित्र घरोघर पोचलं. मग मासळीबाजारात जो तो हिलेपुढे कागद नाचवू लागला. बार्टलच्या घोड्यापुढे बर्फावर पात्यांच्या दोन रेघा कोरलेल्या होत्या, लांबलचक, थेट पुलाखाली गेलेल्या. योस्टने बाई खोडली होती, तिची वाट नाही.

"पण हिले, तू कुठेयस यात?" शेजारच्या कोळणीने डिवचलं.

हिलेने ओले हात पुसले, कागद घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग मान ताठ करून म्हणाली,

"पुढे निघून गेलेली बाई मागच्याच्या चित्रात कशी सापडेल?"