चुकांचा निळा रंग

पडद्यावर कोड उमटला आणि क्लायंटने विचारलं, "चुकीच्या ओळी निळ्या का? सगळीकडे तर लाल असतात."

गेममधल्या प्रकाश-सावल्यांचा कोड रंगवून दाखवणारं ते प्लग-इन निनादने सुट्ट्या खर्ची घालून एकट्याने बनवलं होतं. मिरवायला मात्र त्याचे वरिष्ठ बेडेकर सर उभे होते. "लाल रंग दिसला की माणूस बिचकतो," सर बेधडक म्हणाले, "म्हणून मी मुद्दाम निळा निवडला." टाळ्या पडल्या.

निनादने निळ्याचं खरं कारण सांगायचं, तर लाल आणि हिरवा आपल्याला सारखेच दिसतात हेही सांगावं लागलं असतं. रंगांवर पोट भरणाऱ्या कंपनीत असल्या माणसाला कोण ठेवील? त्यानेही टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी सरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "क्लायंटला लालच हवाय रे. आत्ता बदलून टाक. बाकी कोड हिरवा आहे, त्यात लाल कसा उठून दिसेल!"

"हो सर," म्हणत निनाद जागेवर जाऊन बसला. त्याने रंग बदलला. पडद्यावर आता त्याला एकही चूक दिसत नव्हती.