बांधावरची जागा

त्या पत्राला मानसिंग मास्तरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं दिवाळीनंतर, आणि आता संक्रांतही होऊन गेली होती. घडी घालून त्यांनी ते शब्दकोशात ठेवलं होतं आणि एखादा शब्द बघायच्या निमित्तानं रोज कोश उघडत होते.

पत्र शेळगावच्या स्वरूपाचं होतं. पुण्याला आधुनिक नृत्य शिकून ती परत आली होती आणि बारामतीत सहा जणांना घेऊन तिनं ‘बांध’ नावाचा नाच बसवला होता. पहिल्या प्रयोगाला मास्तर पहिल्या रांगेत वही घेऊन बसले. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती. घागर, फुलदाणी, पेरू. हलणारं माणूस कधी काढलं नव्हतं. त्या दिवशी मात्र पेन्सिल थांबेचना. आठवड्यानं पत्र आलं.

“सर, तुम्ही आमची चित्रं काढत होतात, तेव्हा मी विंगेतून तुम्हालाच पाहत होते. आमच्या कामात तुम्ही हवे आहात. हो की नाही, एवढंच कळवा. इंदापूरच्या प्रयोगापर्यंत वाट पाहीन.”

हो लिहायचा धीर होत नव्हता. नाही लिहायला हात उचलत नव्हता. मुलांच्या वह्यांवर ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा शेरा मारण्यात मास्तरांची नोकरी सरली होती, आणि स्वतःला त्यांनी त्याहून वरचा शेरा कधी दिला नव्हता.

कोशावरची धूळ झटकताना एकदा ते पत्र सुनेच्या हाती लागलं.

“तात्या, पोरगी चित्रं मागतीय तर देऊन टाका की,” अनिता म्हणाली. “न्हायतरी वर उंदरंच खात्यात.”

“अजून देण्याजोगं काही झालं नाही,” मास्तर म्हणाले आणि पत्र घेऊन वर गेले.

पण त्या दिवशी त्यांनी मनाशी पक्कं केलं. हो लिहायचं तर आधी आपली आपल्याला खात्री पटली पाहिजे, आणि पटली नाही तर इंदापूरच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी ‘नाही’ कळवून मोकळं व्हायचं. बारामतीतला दुसरा प्रयोग त्यांनी वहीत काढला, तिसरा काढला. एकेका प्रयोगाची चाळीस-चाळीस पानं झाली. पहाटे उठून ती पानं ते वरच्या खोलीत फरशीवर ओळीनं मांडत आणि दार लावून घेत. कोणतं पाऊल आधी पडतं, टाच कधी सुटते, अंगाचा भार कुठून कुठं जातो, हे सगळं त्यांना हवं होतं.

खाली अनिता वैतागली. स्लॅबचे पोपडे भाजीत पडायला लागले होते. वर एवढं काय आपटता, तिनं विचारलं. कागद मोठे आहेत, त्यांच्याभोवती फिरावं लागतं, असं मास्तरांनी सांगितलं. पंधरवड्यानं त्यांचे गुडघे सुजले, तेव्हा तिनं मेडिकलमधून पट्टे आणून दिले आणि फरशीवर बसणं बंद करा, टेबल कशाला आहे, म्हणून सुनावलंही. मास्तरांनी निमूटपणे पट्टे चढवले.

“डावा खांदा काही जमत नाही,” ते स्वतःशीच म्हणाले.

इंदापूरचा प्रयोग रविवारी दुपारी एका कॉलेजच्या सभागृहात होता. आदला दिवस आला आणि गेला. मास्तरांनी ‘नाही’ असं कळवलं नव्हतं.

काटेवाडीहून शेजारच्या गेणबानं त्यांना मोटारसायकलवर नेलं. टोमॅटोची तोड सोडून आलोय, नाच तरी चांगला असू दे, असं तो वाटभर बजावत होता.

पडदा वर गेला. मंचाच्या मधोमध बांधासारखा उजेडाचा एक लांब पट्टा पडला होता. त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन जण. पिकाला पाणी देताना दारं धरल्यासारखे ते वाकत, घसरत, पडत, एकमेकांना ओढत. पट्ट्यावर मात्र कुणी पाय ठेवत नव्हतं.

“मास्तर, त्या मधल्या उजेडात कुणीच येत न्हाय की,” गेणबा कुजबुजला.

“बघत राहा.”

“स्वरूपाचा आजा, आबासाहेब, औंदा गेला. त्याची जागा सोडली आसंल.”

मास्तरांनी वहीचं पान उलटलं. गेणबानं वहीत डोकावून पाहिलं.

“तोंडं कुठायत ह्यांची? देवळाम्होरल्या चपलांवानी नुसतं पायच पाय.”

“तोंडं मला लागत नाहीत, गेणबा.”

शेवटी ते सहाही जण थांबले. उजेडाच्या पट्ट्याकडे वळून त्यांनी हात पुढे केले आणि तसेच उभे राहिले. कुणीच आलं नाही. आता मास्तरांची पेन्सिल खिशात गेली होती. पावलं जमिनीला घट्ट टेकवून ते ओठांतल्या ओठांत मोजत होते.

अंधार झाला. टाळ्या झाल्या. स्वरूपा घाम पुसत बाहेर आली आणि मास्तरांच्या पाया पडली.

“सर, आज शेवटचा दिवस,” ती म्हणाली.

“पोस्टानं कळवतो.”

ती हसली आणि आत गेली. गेणबानं कपाळावर हात मारला. “पोरगी म्होरं हुबी हाय, आन तुमी पोस्टात निघालाय.”

“तोंडानं बोलायला गेलो तर नाही म्हणून बसेन.”

रविवार असल्यानं पोस्ट बंद होतं, पण पेटी बाहेर होती. मास्तरांनी खिशातून कार्ड काढलं, मोटारसायकलच्या सीटवर ठेवून लिहिलं, पुन्हा एकदा वाचलं. मग वही गेणबाच्या पिशवीत टाकली. हिचं काम आता संपलं, घरी गेल्यावर अनिताला दे, असं त्याला सांगितलं.

“आन त्या पोरीला काय देणार?” गेणबानं विचारलं.

मास्तरांनी कार्ड पेटीत सोडलं. त्यावर एवढंच होतं:

“गुरुवारपासून तालमीला येतो. डावा खांदा अजून पुरता वर जात नाही, पण पावलं सगळी पाठ झाली आहेत. बांधावर मी उभा राहीन.”