पाचवा तरवड

अमोलनं सीमाला भिंतीवर आपटलं तेव्हा चतुराबाई पाट्यावर ठेचा वाटत होत्या. लेकाकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा सीमाचं मनगट मोडलं. मग त्यानं तिचे केस धरले. त्यापुढचं तिला एवढंच आठवतं, की वाटण्याचा आवाज थांबला होता.

शुद्ध आली ती अकोल्याच्या दवाखान्यात. डोक्याला नऊ टाके, हात प्लास्टरमध्ये, उशाशी सासू.

"गेला तो," चतुराबाई म्हणाल्या. "नांदगाव पेठेले, कापडाच्या कारखान्यात. तुयं तोंड पाहाचं नाही म्हने."

सीमाला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

पंधरा दिवसांनी ती मूर्तिजापूरजवळच्या गावी परतली. ओट्यावर नवा मिक्सर होता. टवका उडालेला जुना वरवंटा दिसेना; तो टवकाही अमोलनंच एकदा आदळआपट करून उडवलेला.

"फेकला असन त्यानंच कुठं," सासू म्हणाली. हाताला लागेल ते भिरकावायची त्याची खोड गावभर ठाऊक होती. सीमानं पुन्हा विचारलं नाही.

परसात अमोलनं शोषखड्डा खणून अर्धवट टाकला होता. तो बुजवून चतुराबाईंनी तिथं तरवडाच्या बिया टोकल्या होत्या.

"तरवड कोनी घरी लावते काय, आत्याबाई? माळावर चिक्कार हाये."

"नवरात्रात माळेले फुलं लागते ना. त्याले पानी लागत नाही, खत लागत नाही, खुरपनं लागत नाही. तू हात लावू नोको."

दोन उन्हाळे गेले. गावात टँकर आला, तुळस वाळली, तरवड हिरवाच राहिला. पाच झाडं उगवली होती. चार कमरेएवढी वाढून पिवळीधम्मक फुलली. मधलं मात्र माणसाच्या डोक्यावर गेलं, नुसता पाला, फूल औषधालाही नाही.

इकडे चतुराबाई नळावर चारचौघींत सुनेलाच बोल लावत, हिच्यापायी लेक परागंदा झाला म्हणून. सीमा खाली मान घालून हंडा भरी. सासूचे बोल तिला झेपत होते. फाटकाची कडी वाजली की मात्र ती अजून दाराआड सरके.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शेजारच्या माणिकबाईनं कुंपणावरून विचारलं, "सनाले लेक येत नाही काय वं, चतुरे?"

"येते ना. फोन आलता. घट बसले का येतो म्हने."

आत तव्यावर सीमाची भाकर करपली. दोन लुगडी, आधार कार्ड आणि दवाखान्याचे कागद तिनं पिशवीत कोंबले आणि पिशवी कोठीमागं दडवली. घट बसवायचे आणि तडक पातूरला माहेर गाठायचं. या वेळी तो आपल्याला जिवंत ठेवणार नाही, याची तिला खात्री होती.

सकाळी चतुराबाई नारळ आणायला गेल्या. घटासाठी वावरातली माती दरवर्षी त्याच आणत, पण यंदा त्यांचे गुडघे धरले होते. जाता जाता एवढं तरी करून जावं, असं सीमाला वाटलं. बाई तोंडानं कितीही फटकळ असली, तरी दवाखान्यात पंधरा दिवस तीच उशाशी बसली होती.

वावर लांब. सीमाची नजर मधल्या तरवडावर गेली. ती शेतकऱ्याची लेक. फुलं सोडून पाल्यावर जातो तो तरवड माजल्या जमिनीतला, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. खताची मूठही न घालता एवढी पोसलेली माती! घटातले गहू कसे तरारून येतील. टोपलीभर घेतली तर आत्याबाईंना कळणारही नाही.

तिनं बुडाशी सब्बल घातली. हातभर खाली खणकन आवाज झाला. गुडघ्यावर बसून तिनं हातांनी माती उपसली. काळा, लांबट दगड निघाला. एका टोकाचा टवका उडालेला.

सीमानं तो उचलून टवक्यावरून बोट फिरवलं. घरातलाच वरवंटा.

चतुराबाई मागं उभ्या होत्या, हातात नारळ. कधी आल्या, कळलंच नव्हतं. त्यांनी वाकून तो दगड तिच्या हातातून काढून घेतला आणि होता तिथं परत ठेवला.

"माती लोट," त्या म्हणाल्या. "अन् कोठीमागची ते पिशवी रिकामी कर."