एक वाक्य

मनिलाच्या स्टुडिओत गर्दीची माणसं पुरवायचं काम माझं. कुया तेबान, म्हणजे आमचे तेबानदादा, सव्वीस वर्षं माझ्याकडे येत होते. कधी बाजारात मासे निवडणारे, कधी मिरवणुकीत मेणबत्ती धरणारे. दर वेळी जाताना विचारायचे, "एखादं वाक्य मिळेल का रे बोलायला?" मी म्हणायचो, "पुढच्या वेळी नक्की, कुया."

मधे वर्षभर ते फिरकलेच नाहीत. काल आले ते बायकोच्या दंडाला धरून. त्यांनी नुसती मान हलवली, बोलली ती बायकोच, "घरी बसवत नाही हो यांना."

नेमका काल लकवा झालेल्या म्हाताऱ्या बापाचं काम करणारा नट आला नव्हता. वाक्य एकच होतं. मी कुयांना पुढे केलं.

मुलगा दारात आला. कुयांचा ओठ एका बाजूला ओढला गेला आणि जड जिभेवरून शब्द घरंगळले, "जेवलास का, बाळा?"

दिग्दर्शक धावतच आले. "काय काम केलंत! माझ्या पुढच्या चित्रपटात एक बडबड्या न्हावी आहे, पानंच्या पानं संवाद. तो तुम्हीच करायचा. अहो, इतकी वर्षं होतात तरी कुठे?"

शॉट केव्हाच संपला होता, तरी कुयांचा ओठ तसाच ओढलेला होता. बायकोनं रुमालानं त्यांची हनुवटी पुसली. बराच वेळ झगडून ते म्हणाले, "इ...इथंच... होतो."