पहिली बादली

"नळाला गरम पाणी असताना गार पाण्यानं आंघोळ? अप्पा, डोकं फिरलंय का तुमचं?" तापानं कुडकुडणाऱ्या बापावर दिगंबर खेकसला.

पाणी तापवायला वीज जाळायची नाही म्हणून नव्या घराला त्यानं हट्टानं सोलर बसवला होता. येईल त्याला गच्चीवर नेऊन पर्यावरणावर भाषण ठोकत होता.

"गरम येतंय की, पण आधी पाइपातलं बादलीभर गार येतंय. ते काय मोरीत ओतू? अंगावरच घेतो. माणदेशात तेवढ्या पाण्यात सारं घर न्हायचं."

सोलर कुठं बसवायचा, असं प्लंबरनं विचारलं तेव्हा दिगंबरनं आपल्याच बाथरूमच्या वरची जागा दाखवली होती. खालची, पार टोकाची अप्पांची मोरी त्याला आठवलीसुद्धा नव्हती.

अप्पांनी गोधडी गळ्यापर्यंत ओढली. "तुला वर लगेच गरम येतंय ना? मग झालं."